बनारसचा विणकर आणि ‘समाजा’ची मोजदाद

बनारसमध्ये हिंदु-मुस्लिम सलोख्यावर बोलावयास उभा राहिलेला सरकारी वक्ता ‘ताण्याबाण्या’चा दाखला दिल्याखेरीज सहसा खाली बसत नाही. विणणारा बहुतांशी मुसलमान, विकणारा बहुतांशी हिंदु. एक उभा धागा, दुसरा आडवा. उपमा गोड आहे. सूत कोणाच्या मालकीचे आणि साडीचा पैसा किती महिन्यांनी परत येतो, एवढेच ती सांगत नाही.

हा पडदा दूर करण्याचे काम अल्पसंख्याकांचा अभ्यास करणाऱ्या बिनसरकारी संस्थांचे. त्यांच्यापैकी असगर अली इंजिनिअर यांनी मुंबईत १९८० मध्ये स्थापन केलेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इस्लामिक स्टडीज’ आणि १९९३ मधील ‘सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम’ यांची नावे आदरानेच घेतली पाहिजेत. बोहरा धर्मगुरूंच्या सत्तेशी झुंजलेला हा विद्वान २०१३ मध्ये निवर्तला. दंगलीचे मूळ धर्मग्रंथात नव्हे, बाजारातील चढाओढीत व सत्तेच्या राजकारणात शोधावे, ही त्यांची शिकवण.

ती शिकवण सर्वांच्या पचनी पडलेली नाही. २००६ मध्ये सच्चर समितीने मुसलमानांतील साक्षरता ५९.१ टक्के, तर देशाची सुमारे ६५ टक्के असल्याचे आणि आयएएस अधिकाऱ्यांत मुसलमान अवघे ३ टक्के असल्याचे दाखविले. ‘लांगूलचालना’ची आरोळी ठोकणाऱ्यांना याहून चोख उत्तर नाही. परंतु त्याच अहवालात मुसलमानांतील अशराफ, अजलाफ, अरजल या भेदांचा ऊहापोह करणारे प्रकरण आहे. त्याकडे पाठ फिरवून टक्केवारी तेवढी उचलणारे पुष्कळ निघाले. ‘मुस्लिम समाज’ हा त्यांचा एकसंध गठ्ठा.

मदनपुरा, अलईपुरा, बजरडीहा या मोहल्ल्यांत हा गठ्ठा उसवून पाहावा. गिरस्ता अन्सारी, कारीगरही अन्सारी. प्रश्नावलीत दोघांची नोंद एकच. पण गिरस्त्याचे माग अनेक. सूत त्याचे, नक्षी त्याची; मजुरी साडीमागे ठरते आणि कापडात खोट दिसली की कापली जाते. चौकातील गादीवाला गिरस्त्याच्या हाती पुढील तारखेचा धनादेश ठेवतो आणि ती दिरंगाई गिरस्ता कारीगराच्या माथी मारतो. घरात कांड्या भरणारी स्त्री तर मजुरीच्या हिशेबातच येत नाही. या सर्वांची सरासरी काढून जो आकडा मिळतो, तो कोणाचाच नसतो. विणकरांमध्ये राहून लिहिलेल्या अब्दुल बिस्मिल्लाह यांच्या १९८६ च्या ‘झीनी झीनी बीनी चदरिया’ या कादंबरीला गिरस्त्याचा हात दिसला होता. प्रश्नावलीला तो दिसू नये, हे नवलच!

अर्थात गिरस्त्यावर बोट ठेवून राज्यकर्त्यांना सुटू देता येणार नाही. २००१ मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठविले गेले आणि चिनी रेशमी कापडाला दार मोकळे झाले. सुरतेच्या यंत्रमागांनी नकली ‘बनारसी’ बाजारात ओतली. २००९ मध्ये बनारसी साडीला भौगोलिक चिन्हांकन मिळाले, पण कागदाच्या शिक्क्याने माग चालत नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळच मोडीत काढले. त्याच वर्षी परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती करून एका संस्थेने दुसरीला असा निधी देण्यास बंदी घातली. परदेशी पैशाविषयी साम्यवाद्यांचा संशय जुना आहे व रास्तही. परंतु येथे गळा आवळला गेला तो मोठ्या संस्थांच्या आधाराने गावोगाव माहिती जमविणाऱ्या लहान मंडळींचा.

उत्तर प्रदेश सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये यंत्रमागांच्या विजेचा २००६ पासूनचा ठोक दर रद्द केला, तेव्हा २०२० मध्ये विणकरांनी ‘मुर्री बंद’ची हाक देऊन माग थांबविले. मागणी विजेच्या बिलाची होती, धर्माची नव्हती. पुढे सरकारला ठोक दर पुन्हा आणावा लागला, तोही पूर्वीहून बराच चढा. १८५७ नंतर उत्तरेतून मालेगावात उतरलेल्या मोमीन विणकरांच्या वंशजांना, तसेच भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांना हे बिल ओळखीचे वाटेल. तेथे जाणाऱ्या अभ्यासकाने विणकराचा धर्म अवश्य लिहून घ्यावा. पण माग कोणाचा, सूत कोणाचे आणि मागील साडीची मजुरी मिळाली की नाही, हेही त्याच पानावर लिहून घ्यावे.