‘टॉनिक उष्ण पडलं’ असं आई म्हणते तेव्हा

हडपसरच्या गाडीतळापासून रामटेकडी-वैदूवाडीपर्यंत ज्या वस्त्यांमध्ये आमचे काम चालते, तिथे लहान मूल असलेल्या बहुतेक घरांत टॉनिकची एक तरी बाटली सापडते. कधी ती डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, कधी औषधाच्या दुकानात ‘भूक लागायचं काहीतरी द्या’ म्हणून मागितलेली, तर कधी शेजारणीने ‘आमच्या पोराला मानवलं’ म्हणून सुचवलेली. घरात दूध पाव लिटरवर आले तरी बाटलीचे पैसे मात्र कसेबसे काढले जातात.

याच बायका माता-मेळाव्यात बोलू लागल्या की दुसरी बाजू कळते. ‘औषध सुरू केल्यापासून पोर नुसतं झोपतंय.’ ‘रात्री दचकून उठतो, दिवसभर किरकिर.’ ‘सारखं पाणी मागतो आणि संडासला खडा होतो.’ या सगळ्याचा निष्कर्ष एका वाक्यात निघतो: ‘टॉनिक उष्ण पडलं.’ हे वाक्य घेऊन बाई दवाखान्यात गेली की तिला ठरलेले उत्तर मिळते, ‘अहो, व्हिटॅमिननं काही होत नसतं.’ वर एक हसूही मिळते.

मैत्रिणींनो, मला या हसण्याबद्दल लिहायचे आहे. ‘उष्ण पडलं’ हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकात नसेल, पण त्यामागे एका बाईचे दिवसरात्रीचे निरीक्षण असते. मुलाची झोप, तहान, शौच आणि रडणे तिच्याइतके जवळून कोणीच पाहत नाही. तिचा शब्द ‘अडाणी’ म्हणून उडवला की मुलाला काय झाले हे शोधण्याची पहिली वाट बंद होते.

बाटलीत नेमके काय असते?

ज्याला आपण सरसकट ‘व्हिटॅमिनचं औषध’ म्हणतो, त्यात नेहमी फक्त जीवनसत्त्वेच असतात असे नाही. भूक वाढवणारे म्हणून दिल्या जाणाऱ्या कित्येक औषधांत सायप्रोहेप्टाडिन हे द्रव्य असते. ते मुळात ॲलर्जीवरचे औषध आहे. त्याने भूक वाढते हे खरे, पण गुंगीही येते. काही लहान मुलांत उलटाच परिणाम होतो. मूल सुस्त होण्याऐवजी चळवळे आणि चिडचिडे होते. औषधाच्या माहितीपत्रकात हे छापलेले असते, पण ते पत्रक इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असते आणि बहुतेक वेळा खोक्याबरोबर दुकानातच राहते. तेव्हा ‘पोर नुसतं झोपतंय’ म्हणणारी आई आणि ‘पोर अंगात आल्यासारखं करतंय’ म्हणणारी आई, दोघीही एकाच औषधाबद्दल खरे सांगत असू शकतात.

दुसरी गोष्ट रंगाची. मुलांनी आवडीने घ्यावे म्हणून ही औषधे आणि चघळायच्या गोळ्या लाल, केशरी, पिवळ्या केलेल्या असतात. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हे टिकाऊपणासाठी घालायचे द्रव्य मिसळलेले पेय दिल्यावर त्यांतल्या काही मुलांची चंचलता वाढल्याचे त्यात दिसले. परिणाम मोठा नव्हता आणि सर्व मुलांत सारखाही नव्हता. तरीही युरोपीय संघाने २०१० पासून सहा रंगांच्या बाबतीत खाद्यपदार्थांवर इशारा छापणे सक्तीचे केले. त्यांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४ आर हे रंग आपल्याकडे खाद्यपदार्थांत चालतात.

थोडक्यात, योग्य मात्रेतल्या जीवनसत्त्वाने मूल दांडगट होते याला खात्रीचा पुरावा नाही. पण जीवनसत्त्वाच्या नावाखाली मुलाच्या पोटात आणखी जे जाते, त्याचा हिशेब आईला कोणी देत नाही.

मात्रा: थेंब, चमचा आणि पुडी

आता खुद्द जीवनसत्त्वांकडे येऊ. ब आणि क जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि जादा झालेला भाग बव्हंशी लघवीवाटे निघून जातो. ब-गटाच्या औषधाने लघवी पिवळीजर्द होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. अ आणि ड यांची गोष्ट वेगळी. ती शरीरात साठतात, म्हणून त्यांचा अतिरेक बाधतो.

एक वर्षाखालच्या बाळाला ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट पुरते. बाजारात मिळणाऱ्या थेंबांच्या बाटल्या मात्र एकसारख्या नाहीत. एका बाटलीत ४०० युनिट एक मिलिलिटरमध्ये असतात, दुसरीत एक मिलिलिटरमध्ये ८००, तर काही इतक्या तीव्र असतात की एकच थेंब पुरतो. बाटली बदलली आणि माप तेच राहिले की गफलत होते. मोठ्यांसाठी मिळणारी ६०,००० युनिटची पुडी तर बाळाच्या रोजच्या मात्रेच्या दीडशे पट, म्हणजे पाच महिन्यांची मात्रा. कमतरता असलेल्यांना ती आठवड्यातून एकदा सांगतात. ती कुणी रोज देऊ लागले तर रक्तातले कॅल्शियम वाढते. मग मूल खात नाही, ओकते, सुस्तावते, किरकिरे होते, त्याला खूप तहान लागते, सारखी लघवी होते आणि शौचाला घट्ट होते. ही यादी पुन्हा वाचा आणि आपल्या आया ‘उष्ण पडलं’ म्हणतात तेव्हा काय सांगत असतात ते आठवा. दोन्हींत फरक आहे तो भाषेचा. या अवस्थेत मुलाच्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून इथे हसण्यात गेलेला प्रत्येक दिवस महागात पडतो.

अ जीवनसत्त्वाचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. नवव्या महिन्यात एक लाख युनिट आणि पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस. अंधत्व टाळण्यासाठी सुरू झालेला हा कार्यक्रम कामाचा आहे. डोसनंतर काही मुलांना एक-दोन दिवस उलटी, डोकेदुखी, किरकिर होते आणि ती आपोआप थांबते. पण मापाचे महत्त्व काय असते हे २००१ च्या नोव्हेंबरात आसामात दिसले. तिथल्या मोहिमेत नेहमीच्या दोन मिलिलिटरच्या चमच्याऐवजी पाच मिलिलिटरचे कप वापरले गेले. शेकडो मुले आजारी पडली, काही मुले दगावल्याच्या बातम्या आल्या. ते मृत्यू डोसमुळेच झाले का, यावर बराच वाद झाला. माप बदलताना ते हाताळणाऱ्यांना नीट समजावले गेले नव्हते, हा धडा मात्र वादातीत आहे.

कमतरताही बोलते

पुण्यापुरते बोलायचे तर इथला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ब-१२ चा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी आढळले. पुढे ही मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्यांच्या आईच्या रक्तात ब-१२ अगदी कमी होते, ती मुले लक्ष देण्याच्या आणि तात्पुरते लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली.

म्हणजे मुलाच्या वागण्याशी जीवनसत्त्वांचा संबंध आहेच, आणि तो बाटली उघडण्याच्या कितीतरी आधी, आईच्या ताटात सुरू होतो. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून ब-१२ मिळते. आपल्या घरांत दूध आधी नवऱ्याच्या चहाला, मग मुलांना, अंडे असेल तर मुलग्याला. सुनेच्या वाट्याला काय उरते ते सांगायला नको. तिच्या दुधावरच वाढणाऱ्या बाळालाही मग ब-१२ कमी मिळते. काही बाळे मंद, उदास होतात, आधी हसणारी हसेनाशी होतात, बसू लागलेली बसेनाशी होतात, त्यांचे केस विरळ होतात, हातपाय थरथरतात.

इथे एक गोष्ट आयांना आधीच सांगायला हवी. अशा बाळाला ब-१२ ची इंजेक्शने सुरू केल्यावर काही वेळा थरथर नव्याने दिसते किंवा वाढते. ती तात्पुरती असते, काही आठवड्यांत जाते, आणि तेवढ्यात बाळ हसू-खेळू लागलेले असते. पण कुणीच आधी बोलले नसेल तर आईने काय समजावे? ‘सुईनं पोराचे हात थरथरायला लागले’ म्हणून ती उपचार सोडते, आणि जे औषध त्या बाळाला खरोखर हवे तेच बंद होते.

न ऐकण्याचा खरा तोटा हाच आहे. आशाताई जे लोहाचे औषध देते (सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर), त्याने शौच काळे होते, कधी घट्ट होते, पोट दुखते, मूल कुरकुरते. हे आधी सांगितले तर आई निभावून नेते. सांगितले नाही, वर तक्रारीला हसले, तर ती दुकानातले निरुपयोगी टॉनिक आणि सरकारचे गरजेचे लोह एकाच न्यायाने मोरीत ओतते. मग पुन्हा ‘लोकांना कळत नाही’ म्हणायला सगळे मोकळे!

बाटली कुणाच्या धाकाने येते?

मूल बारीक असले तर पहिला प्रश्न आईला. ‘दूध पाजलं नाहीस का?’ ‘कामाला जातेस, पोराकडे बघतं कोण?’ सुदृढ बालक स्पर्धेपासून टीव्हीवरच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे गुटगुटीत मूल हे आईचे प्रगतिपुस्तक. या धाकावर टॉनिकचा धंदा चालतो. बाटली विकत घेतल्याने निदान ‘मी काहीतरी करते आहे’ एवढे सासरी दाखवता येते. आणि बाटलीनंतर मूल हट्टी झाले, झोपाळू झाले, तर तोही दोष तिचाच. ‘लाडावून ठेवलंय.’ बापाला यातले काहीच विचारले जात नाही.

आणखी एक कडू बाब बोललीच पाहिजे. मगरपट्ट्यात आणि नव्या सोसायट्यांत धुण्याभांड्याला जाणारी बाई सकाळी सातला घर सोडते. मूल आजीकडे, नाहीतर नऊ-दहा वर्षांच्या थोरलीकडे राहते. सुस्तावणारे टॉनिक अशा घरात ‘गुणाचे’ ठरते, कारण मूल दुपारभर झोपते. यात त्या बाईला दोष देणे सोपे आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची अट २०१७ साली कायद्याने घातली. चार घरी काम करणाऱ्या बाईच्या वाट्याला ती आली नाही. वस्तीत पाळणाघर नसेल तर मुलाला झोपवण्याची सोय बाटलीतून होणार, हे ओघानेच आले.

आपण काय करायचे, काय मागायचे?

घरात पहिली गोष्ट लिहून ठेवण्याची. औषध कोणत्या दिवशी, कोणत्या मापाने सुरू केले आणि झोप, भूक, तहान, शौच, चिडचिड यांत कधी काय बदलले, हे कॅलेंडरवर खूण करून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या. प्रत्येक किरकिर औषधाचीच नसते. दात येत असतील, जंत असतील, घरात भांडणे असतील. तारखा असल्या की हे वेगळे काढता येते. दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्या आणि तीन प्रश्न विचारा: यात व्हिटॅमिनशिवाय काय आहे? किती द्यायचे, किती दिवस? काय झाले तर थांबवायचे? लोह आणि अ जीवनसत्त्व मनाने बंद करू नका, नर्सबाईंशी बोला. आणि मूल उठवूनही नीट जागे होत नसेल, सारखे ओकत असेल, किंवा त्याने लोहाची बाटली तोंडाला लावली असेल, तर घरगुती उपाय न करता थेट मोठे रुग्णालय गाठा.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्याचा हक्क फक्त डॉक्टरांचा नाही, हेही पुष्कळजणींना ठाऊक नसते. औषध दक्षता कार्यक्रम देशात २०१० पासून आहे. त्याचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ असा आहे आणि सामान्य माणसासाठीचा फॉर्म मराठीतही निघालेला आहे. आमच्या वस्तीतल्या बायकांना मी विचारले, तर एकीनेही तो पाहिलेला नव्हता. प्रत्येक दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, अंगणवाडीत तो टांगलेला दिसला पाहिजे. बाटलीवर घटक, माप आणि ‘गुंगी येऊ शकते’ हा इशारा वाचता येईल एवढ्या अक्षरांत मराठीतून हवा. गुंगी आणणारे द्रव्य असलेले औषध ‘भुकेचं टॉनिक’ म्हणून चिठ्ठीशिवाय हातावर ठेवणे थांबले पाहिजे. वस्तीत पाळणाघर हवे, आणि गरोदर बाईच्या ताटात दूध-अंडे हवे. त्याखेरीज बाकी सगळ्या बाटल्या म्हणजे फुटक्या माठाला ठिगळ.

आणि पुढच्या वेळी एखादी आई ‘टॉनिक उष्ण पडलं’ म्हणाली, तर तिला एवढेच विचारू या, ‘म्हणजे काय झालं? नीट सांग.’ दवाखान्यातही हाच प्रश्न विचारला जावा, यासाठी आपल्या गटातल्या दोघी-तिघी तिच्याबरोबर जाऊन बसल्या तरी पुष्कळ होईल.