‘माझ्या मागून या!’

इस्रायली सैन्यातील अधिकारी सैनिकांना ‘पुढे जा’ म्हणत नाही. ‘माझ्या मागून या’ म्हणतो. १९५७ साली स्थापन झालेल्या ‘सायेरेत मत्काल’ या टेहळणी पथकाचाही हाच संस्कार. ४ जुलै १९७६ रोजी युगांडातील एंटेबे विमानतळावर ओलिसांची सुटका करताना त्या दलाचा एकच योद्धा कामी आला. तो होता पथकाचा प्रमुख, तीस वर्षांचा योनातन नेतान्याहू.

सेनानीने असा जीव धोक्यात घालावा काय? शत्रूच्या मुलखात शिरलेल्या मूठभरांना मागून आदेश कोण देणार? जे दिसेल त्याचा अर्थ लावून क्षणार्धात निर्णय घ्यायचा, तर अधिकाऱ्याची जागा आघाडीवरच!

हे व्रत आपल्यालाही परके नाही. २१ पॅरा या विशेष दलात घडलेले साताऱ्याचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात धारातीर्थी पडले. ते राष्ट्रीय रायफल्सच्या ४१ व्या बटालियनचे प्रमुख होते. तरीही ते स्वतः पुढे गेले. २०१७ मध्ये त्यांच्या वीरपत्नी स्वाती महाडिक सैन्यात अधिकारी झाल्या.

अशा घरांचा जयजयकार करणे सोपे आहे. आपल्या घरातून असा अधिकारी देण्याची सिद्धता किती कुटुंबांची आहे?