ओटीपी 'दिला' कुणी?

ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांच्या खात्यातून हजसाठी साठवलेली रक्कम गेली. मोहल्ल्यात ज्याने ऐकलं त्याने एकच विचारलं, "चाचा, ओटीपी कशाला दिला?" चाचा सांगून थकले, "मी कुणाला काहीच सांगितलं नाही." ते खरं बोलत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर निकाहचं निमंत्रण म्हणून आलेली एपीके फाइल त्यांनी उघडली आणि मेसेज वाचायच्या परवानगीला 'हो' म्हटलं. मग ओटीपी द्यावा लागत नाही. ते अ‍ॅपच तो वाचून परस्पर पुढे पाठवतं.

ओटीपीचं दुखणं हेच आहे. ते सहा आकडे ज्याच्या हाती पडले, त्याचे झाले.

याला पर्याय आहे. पेनड्राइव्हएवढी सिक्युरिटी की मिळते. तिच्यातली गुप्त किल्ली चिपमधून बाहेर येतच नाही. बोट लावल्यावर ती फक्त डिजिटल सही करून देते आणि नकली वेबसाइटवर ती सही चालत नाही. गूगलने 2017 पासून आपल्या कर्मचाऱ्यांना ही की सक्तीची केली. 85 हजारांहून जास्त कर्मचारी, पण त्यानंतर एकाचंही कामाचं खातं फिशिंगने गेलं नाही, असं कंपनीने 2018 मध्ये सांगितलं.

पण की म्हणजे तावीज नव्हे. कॉम्प्युटरमध्येच मालवेअर शिरलं असेल, तर तुम्ही लॉगिन करेपर्यंत ते थांबतं आणि मग चालू सेशनच चोरतं. की दारावरचा पहारेकरी आहे. घरात आधीच लपलेल्या चोराला तो काय करणार? म्हणून अनोळखी एपीके उघडू नये, हा नियम की घेतली तरी सुटत नाही.

तरीही माझं म्हणणं आहे की सगळा बोजा चाचांवर टाकणं अन्याय आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार दुसरा पुरावा एसएमएसचा ओटीपीच असावा, अशी सक्ती नाही. मग बँकांनी ग्राहकाला अधिक भक्कम पर्याय द्यायला हवा. अमानत सांभाळायची जबाबदारी ठेवणाऱ्याची कमी आणि ज्याच्याकडे ठेवली त्याची जास्त असते.

आणि आपणही प्रश्न बदलू या. "ओटीपी कशाला दिला?" असं विचारलं की माणूस शरमेने गप्प बसतो आणि मोलाचा वेळ जातो. त्याऐवजी विचारा, "चाचा, 1930 ला फोन लावला का?"