‘बनी तो बनी’ची सवय

यशस्वी विद्यार्थ्याच्या सवयींची यादी परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात, गंगाखेडला असो की सेलूला, सगळ्यांना तोंडपाठ असते. पहाटे चारला उठा. रोज दहा-बारा तास बैठक मारा. वह्या पूर्ण ठेवा. मोबाइल बंद ठेवा, कट्ट्यावर बसू नका, मोठ्यांना उलट बोलू नका. एकवीस दिवस एवढे केले की सवय लागते, आणि सवय लागली की यश ठेवलेलेच. स्वागत समारंभाचे पाहुणे ही यादी म्हणून दाखवतात, पालक मान डोलावतात, प्राध्यापक आभार मानतात. पहिल्या सेमचा निकाल लागतो तेव्हा ही यादी इमाने-इतबारे पाळणाऱ्यांपैकीही काहींना बॅक लागलेली असते. मग त्यांच्यातच काहीतरी कमी होते असे ठरते. यादीकडे कोणी बोट दाखवत नाही.

मला ते दाखवायचे आहे. यादी आळसाविरुद्ध आहे, तिथपर्यंत माझे तिच्याशी भांडण नाही. पण विद्यार्थ्याने कसे दिसावे एवढेच ती सांगते. लवकर उठलेला, वाकून बसलेला, वही भरलेला, गप्प. त्याला काय येते हे रोजच्या रोज त्याचे त्याला कळावे, अशी एकही सवय तिच्यात नाही.

चार वाजण्यापासूनच सुरुवात करू. परभणीत हिवाळ्यात पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. त्या थंडीत पोरगा उठतो, पुस्तक उघडतो आणि पेंगतो. रात्री बाराला झोपून चारला उठणाऱ्याने अभ्यासाचे तास वाढवलेले नसतात, झोपेचे कमी केलेले असतात. वाचलेले पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेतच चालते आणि अठरा-वीस वर्षांच्या वयात शरीराचे घड्याळ मुळातच थोडे उशिरा चालते. नऊला झोपणाऱ्याने चारला जरूर उठावे. पण उठण्याची वेळ हा गुण नव्हे, पुरेशी झोप झालेली असणे हा गुण आहे.

आता तास आणि वह्या. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि नंतर तीन सत्रांत, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा मात्र वाचणाऱ्यांच्याच गटाला अधिक होता. अभ्यासिकेत रात्री दहापर्यंत बसून तीच पाने पिवळ्या पेनाने रंगवणाऱ्याला आपला अभ्यास झाला असे का वाटते, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे. ओळखीचे झालेले पान आणि आलेले उत्तर यांत फरक असतो. तो परीक्षेच्या हॉलमध्ये कळतो, तोवर उशीर झालेला असतो.

एकवीस दिवसांची गोष्ट तर निव्वळ ऐकीव आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिले, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ गळाला, रुग्ण गळाले आणि उरलेला आकडा व्याख्यात्यांनी उचलला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर खाण्यापिण्याच्या व व्यायामाच्या सवयींचा अभ्यास झाला. तो २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागतील तर कोणाला २५४, मधला आकडा ६६, असे निघाले. त्याच अभ्यासात एक दिलासाही आहे. मध्येच एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही. ज्याची एसटी चुकते, ज्याला कापूस वेचायला घरी थांबावे लागते, त्याच्यापर्यंत पाहुण्यांच्या आकड्यापेक्षा हे वाक्य पोहोचायला हवे होते.

इथे दुसरा पक्ष उभा राहतो. तो म्हणतो, “सवयी-बिवयी शहरातल्या पोरांचे चोचले आहेत. आमच्या लेकरांची परिस्थिती बघा.” हा पक्ष पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. पालम-सोनपेठच्या खेड्यातून येणाऱ्या मुलीचा दिवस तिच्या हातात नसतो, एसटीच्या हातात असतो. हिवाळी परीक्षा येतात त्याच सुमारास सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी येते. हे खरे आहे आणि ज्याला हे दिसत नाही त्याने सवयींवर बोलू नये.

पण परिस्थिती हे पूर्ण उत्तर असते तर ती बदलल्यावर उत्तरही बदलायला हवे होते. निजामाच्या राज्यात इथल्या मुलापुढे १९१८ साली निघालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ होते, तेही उर्दू माध्यमाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले ते. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले, १९७२ साली परभणीतच कृषी विद्यापीठ आले, १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. आज जिंतूर, पूर्णा, सेलू, गंगाखेड, सोनपेठ, सगळीकडे पदवीची सोय आहे. हैदराबादचे अंतर तालुक्यावर आले. तरीही नाव कॉलेजात आणि मुक्काम अभ्यासिकेत, पदवी जोडधंदा आणि भरती मुख्य, वर्षभर वर्गाकडे पाठ आणि शेवटच्या पंधरवड्यात गेस पेपर, हे चालूच आहे. ते एसटीने लावलेले नाही.

सातोन्याचे लेखक बी. रघुनाथ या दोन्ही पक्षांना अडचणीचे आहेत. मॅट्रिकनंतर शिक्षण सोडून त्यांना निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी धरावी लागली. परिस्थितीने त्यांचे कॉलेज हिरावले, हे नाकारता येत नाही. पण फायलींच्या त्या आयुष्यातही त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिणे थांबवले नाही. १९५३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीत काम करतानाच ते गेले. ज्यांना कॉलेज मिळाले नाही त्यांच्या नावाचे कॉलेज आज परभणीत उभे आहे. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘बघा, गरिबीतही जमते’ असे म्हणणे मला क्रूर वाटते. एवढेच म्हणेन, की परिस्थिती माणसाचे पुष्कळ काही नेते, पण जे उरते त्याचे काय करायचे हा प्रश्न शिल्लकच असतो. सवय हे त्या उरलेल्याचे उत्तर आहे.

हे झाले खंडन. मग मंडन काय? ते शोधायला लांब जायला नको. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे असेल तर जाणता शेतकरी दाणा टपोरा दिसतो म्हणून पेरत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडतो, गुंडाळी करतो आणि सहा-सात दिवसांनी मोड मोजतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीचे प्रमाण, कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे. ही चाचणी पेरणीआधी होते म्हणून तिचा उपयोग होतो. आपली मुले मात्र उगवण थेट परीक्षेत तपासतात. बापाने शेतात जे कधी केले नसते ते लेकरू कॉलेजात करते.

म्हणून पहिली चांगली सवय ही: पुस्तक मिटून लिहिणे. रोज तास संपल्यावर, एसटी यायच्या आधी, दहा मिनिटे कोऱ्या कागदावर आज काय शिकवले ते लिहायचे. जिथे पेन अडते तिथून उद्याचा अभ्यास सुरू होतो. याला ना चारचा गजर लागतो, ना महिन्याची फी भरून घेतलेली खुर्ची.

दुसरी, तेच चार दिवसांनी आणि पुन्हा पंधरा दिवसांनी करणे. एका रात्री सहा तास आणि सहा दिवस एकेक तास, हिशेब सारखाच, पण डोक्यात टिकणारे दुसऱ्या वाटेने येते.

तिसरी सवय विचारण्याची. ‘उलट बोलू नये’ या शिकवणीने आमच्या मुलांचे जेवढे नुकसान केले तेवढे मोबाइलने केले नसेल. वर्गात “सर, हे कळलं नाही” म्हणणे हा उद्धटपणा नाही, ती हजेरीच आहे. पंच्याहत्तर टक्क्यांची हजेरी रजिस्टरात भरते, ही तोंडाने भरावी लागते.

चौथी, समजावून सांगण्याची. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात राहतात. गाव त्यांना कृषीदूत, कृषीकन्या म्हणते. बीजप्रक्रिया पेपरात पाच गुणांना लिहून आलेली मुलगी पारावर ती करून दाखवायला लागते, तेव्हा एखादा आजोबा सहज विचारतो, “बाई, आधी बुरशीनाशक की आधी जिवाणू?” त्या प्रश्नाला गाइडात पाहून उत्तर देता येत नाही. हा अनुभव शेवटच्या वर्षापर्यंत आणि एकाच शाखेपुरता का राखून ठेवायचा? म्हणूनच कट्ट्याला सरसकट वाईट म्हणणे मला मान्य नाही. चौघे बसून एकाने दुसऱ्याला अर्थशास्त्रातला मागणीचा नियम सांगितला, तर तो कट्टा कुठल्याही मुक्या अभ्यासिकेपेक्षा बरा.

वाईट सवयींची यादीही त्यामुळे बदलते. ग्रुपवर ‘पीडीएफ पाठव’ म्हणून नोट्सचा साठा करणे वाईट, कारण साठवणे हाच अभ्यास वाटू लागतो. दुसऱ्याचे जर्नल उतरवून सबमिशन उरकणे वाईट, कारण प्रयोग न करता निष्कर्ष लिहायचा सराव होतो. मोबाइल हातात असणे वाईट नाही, तो हातात घेऊन पेन अडलेली जागा टाळणे वाईट.

आणि हे सारे विद्यार्थ्याच्या माथी मारून कॉलेजला मोकळे होता येणार नाही. शेवटच्या एसटीशी जुळणारी ग्रंथालयाची वेळ, दर पंधरवड्याला गुण न मोजणारी छोटी चाचणी, आणि अंतर्गत मूल्यमापनात खरोखर प्रश्न विचारणारा प्राध्यापक, हे तिन्ही नसतील तर सवयींवरचे भाषण म्हणजे वेळ मारून नेणे. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवे शैक्षणिक धोरण आले, श्रेयांकांची खाती उघडली. खात्यात श्रेयांक जमा होतील. डोक्यात काय जमा झाले ते तपासायची सवय कोणत्याही शासन निर्णयाने लागत नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण मिरवतो आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही लोकांनी केलेली थट्टा म्हणून सोडून देतो. पण गेस पेपर हातात घेऊन हॉलमध्ये शिरणारा मुलगा ती थट्टा खरी करत असतो. लागला तर लागला, नाही तर पुढच्या सेमला. पहाटे चारला उठूनही ही वृत्ती जात नाही, बारा तास बसूनही जात नाही, कारण त्या दोन्हींत निकाल दुसऱ्याच्याच हाती राहतो. पेपर लागायच्या महिनाभर आधी ज्याला आपले शंभरातले किती दाणे उगवले ते ठाऊक असते, त्याला नशिबाची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. कॉलेजात लावून घेण्याजोगी सवय हीच, बाकीच्या तिच्या सोयीने लावाव्यात.