रस्त्यापलीकडचे देऊळ

माझी आई चाळीस वर्षे रोज संध्याकाळी सदाशिव पेठेतून तुळशीबागेतल्या रामाला जात असे. वाटेत भाजी घ्यायची, ओळखीच्या बायका भेटायच्या. मध्ये ओलांडायचा मोठा रस्ता एकच, बाजीराव रस्ता. दोन वर्षांपूर्वी तिने जाणे सोडले. गुडघे दुखतात, असे ती सांगते आणि आम्हीही तेच धरून चाललो होतो. परवा मात्र ती सहज म्हणाली, "अरे, चालायचे काही वाटत नाही. पलीकडे जायची भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वाटेने, तिच्या चालीने चालून पाहिले. एके ठिकाणी पदपथ इतका उंच, की चढताना भिंतीला हात लावावा लागला. वर चढावे तर समोर स्कूटरींची रांग, पुढे विजेची पेटी, त्यापुढे दुकानाची पाटी. शेवटी चारचौघांसारखा मीही रस्त्यावर उतरलो. रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे होते, पण पुसट. आणि त्यांच्यापाशी थांबायचे असते, हे गाडीवाल्यांच्या गावीही नव्हते.

आपल्याकडे नियम नाहीत, असे मुळीच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून, म्हणजे सहा इंचांहून, जास्त नको. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिनही साजरा झाला. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. कागदावर चालणाऱ्याइतका श्रीमंत दुसरा कोणी नाही! रस्त्यावरचा हिशेब मात्र वेगळा आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी अपघातांत मरण पावले. दिवसाला सुमारे नव्वद माणसे.

पदपथ रुंद केले तर वाहतूक कोंडेल, असे नेहमी म्हटले जाते. आपल्याच जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बसायला बाके आणि मुलांना खेळायची साधने ठेवली, म्हणून शहर काही थांबले नाही. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा निवांत बसलेले दिसतात. एका रस्त्यावर जे जमले, ते पेठेत अरुंद जागेतही थोडेफार जमवता येईल. त्यासाठी उड्डाणपुलाचा खर्च नको. पदपथाच्या पायऱ्या उतरत्या करा, पेट्या आणि पाट्या हलवा, पट्टे ठळक रंगवा, आणि सिग्नलची वेळ तरण्याताठ्यांच्या नव्हे, सत्तरीच्या पावलांनी मोजा.

सगळा दोष महापालिकेच्या माथी मारून मला मोकळे होता येणार नाही. गेल्याच महिन्यात 'पाचच मिनिटे' म्हणून मी स्कूटर पदपथावर लावली होती. त्या पाच मिनिटांत कोणाची तरी आई खाली उतरून गाड्यांमधून चालत गेली असेल. ती माझी आई नव्हती, एवढेच.

हल्ली मी आईला रिक्षाने देवळात नेतो. ती हात जोडते, प्रदक्षिणा घालते, "चल, तुला उशीर होत असेल" म्हणते आणि लगेच निघते. दर्शन होते, पण स्वतःच्या वेळेने निघणे, भाजीवालीशी घासाघीस करणे, ओळखीचे कोणी भेटले की दोन घटका थांबणे, हे रिक्षात बसवून आणता येत नाही. तिला रामाकडे नेणारा मुलगा नको आहे. तिला एकटीने ओलांडता येईल असा रस्ता हवा आहे. तो देणे शहराला अवघड नाही, आणि आपण तो मागितला पाहिजे.