"जोरात शिंकर" म्हणणं सोडा!

मंडळी, विषय नाकाचा आहे, पण म्हणून नाक मुरडू नका!

पावसाळा लागला की घरोघरी एक हुकूम सुटतो, "शिंकर! अजून जोरात!" आजी पदराने, आई रुमालाने पोराच्या दोन्ही नाकपुड्या आवळून धरते आणि पोर लालबुंद होईपर्यंत जोर लावतं. शाळेतल्या छत्तीस वर्षांत शिक्षकांच्या तोंडूनही हेच ऐकलं. माझं स्पष्ट मत आहे, हे चूक आहे आणि ते थांबलं पाहिजे.

नाकाच्या मागून एक बारीक नळी मधल्या कानापर्यंत जाते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. पुढची वाट बंद करून जोर लावला की दाब तिकडे वळतो. कानाला दडे बसतात ते उगाच नाही. सर्दीत मुलांचे कान आधीच नाजूक झालेले असतात, त्यात ही भर कशाला?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॉ. ग्वाल्टनी आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नाक शिंकरताना आत पाऱ्याच्या सरासरी ६६ मिलिमीटर इतका दाब होतो, शिंकेच्या दहापटींहून जास्त! नाकातलं द्रव त्या दाबाने सायनसमध्ये गेलेलं स्कॅनमध्ये दिसलं. शिंकेने किंवा खोकल्याने तसं झालं नाही. म्हणजे जे बाहेर काढायला निघालो, त्यातलंच थोडं आपण आत ढकलतो. यातून आजार होतोच असं त्यांनी सिद्ध केलेलं नाही. पण जोराचा फायदा काय, हे तरी कुणी सांगेल का?

"मग घाण आतच ठेवायची का?" असं कुणी विचारेल. मुळीच नाही. एक नाकपुडी बोटाने अलगद बंद करायची, दुसरीतून हळू शिंकरायचं. मग दुसरी बाजू. नाक चोंदलं असेल तर झटापट न करता थोडं थांबायचं. चुकून थोडं गिळलं गेलं तरी घाबरू नये, पोटातलं आम्ल त्याचा समाचार घेतं. नंतर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, हे मात्र चुकवायचं नाही.

लहानग्यांना आधी सर्दी नसताना शिकवा. तोंड मिटून नाकाच्या फुंकरीने टेबलावरचा कागदाचा कपटा हलवायला सांगा. खेळता खेळता शिकतात.

आणि हो, पोराला चारचौघांत "शेंबड्या" म्हणू नका. लाजलेलं मूल रुमाल मागत नाही, गुपचूप बाहीला नाक पुसतं. मग सर्दी वर्गभर फिरते.

आमच्या घरातल्या नव्या आई-बाबांनो, हे खास तुमच्यासाठी लिहिलंय. आजीने हटकलं तर माझं नाव सांगा, तिच्याशी मी भांडेन!

असो. तुमच्या घरी काय चालतं, जरूर कळवा.