वाढते हाड आणि वाढत्या अपेक्षा

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या इंदुरात क्रिकेट, बॅडमिंटन, खो-खो, मल्लखांब यांची शिबिरे भरतात आणि ती संपता संपता लंगडत दवाखान्यात येणाऱ्या मुलांची संख्या वाढते. मुले मैदानावर जातात, ही आनंदाचीच बाब आहे. प्रश्न आहे तो त्यांच्या दुखण्याकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीचा.

मूल म्हणजे प्रौढाची लहान प्रतिकृती नव्हे, हे बालरोगशास्त्राचे मूलसूत्र पायांनाही लागू आहे. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी, म्हणजे ग्रोथ प्लेट असते आणि ती पुष्कळदा सांध्याच्या अस्थिबंधांहून नाजूक असते. मुरगळलेला घोटा बहुतेक वेळा लचकच ठरतो. परंतु तो निर्णय बोटाने हाडावरची दुखरी जागा तपासल्यावरच व्हावा. तपासणीपूर्वी मालीश करणे वा पाय ओढून घेणे सर्वथा टाळावे. पायाची सुमारे दोनतृतीयांश वाढ गुडघ्याभोवतालच्या वाढपट्ट्यांतून होते. तेथील इजा दुर्लक्षित राहिल्यास पाय आखूड किंवा वाकडा होण्याचा धोका असतो.

दुसरा प्रकार अतिवापराचा. गुडघ्याच्या वाटीखालील उंचवट्याचे दुखणे ऑसगुड आणि श्लाटर यांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिले. टाचेच्या तशाच दुखण्याचे वर्णन सेव्हर यांनी १९१२ मध्ये केले. उंची झपाट्याने वाढत असताना धावण्या-उड्यांचा ताण सतत पडला की ही दुखणी उद्भवतात. सराव कमी केला की ती बहुधा शमतात. नडगीवर एकाच बिंदूपाशी दुखत असेल, तर मात्र ताणजन्य अस्थिभंगाची शंका घ्यावी. गुडघा दुखतो, पण तपासणीत निर्दोष आढळतो, अशा मुलाचा खुबा अवश्य तपासावा. रात्री झोपेतून उठवणारी एका पायाची वेदना, ताप किंवा न ओसरणारी सूज यांचे खापर खेळावर फोडू नये.

‘दुखले तरी खेळत राहा’ हा उपदेश मुलांना शौर्याचा वाटतो. निवड हुकेल, या पालकांच्या धास्तीत तथ्य नाही असे नाही. परंतु दुखणे लपवून मिळवलेली निवड फार काळ टिकत नाही. आठवड्यातून किमान एक दिवस विश्रांती आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून सुटी, असा अमेरिकन बालरोग अकादमीचा सल्ला आहे. या सुटीत मुलाने घरी बसावे असे नव्हे; पोहावे, सायकल चालवावी, दुसरा खेळ खेळावा.

मल्लखांब २०१३ मध्ये मध्य प्रदेशाचा राज्यक्रीडाप्रकार झाला, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. त्या अभिमानाला शोभेल असे एक काम आपल्या संस्थेने हाती घ्यावे: दरवर्षी शिबिरांपूर्वी प्रशिक्षक व पालकांशी एक संध्याकाळ संवाद साधावा. मुलाला पदकाची संधी पुन्हा मिळू शकते. वाढीची वर्षे मात्र एकदाच येतात.